मुळाशी आधी कोण पोचते?

मर लागलेले हरभऱ्याचे झाड उपटून त्याचे खोड बुडाशी उभे चिरले, की आत मधोमध काळपट तपकिरी रेघ दिसते. मूळ बाहेरून धडधाकट असते, पाने अजून हिरवी असतात, फक्त शेंड्याने मान टाकलेली असते. ती रेघ म्हणजे मुळाकडून पाणी वर नेणाऱ्या नलिका. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी त्यांत शिरलेली असते आणि तिला अडवण्याच्या धडपडीत झाडही डिंकासारखे पदार्थ सोडून स्वतःच्याच नलिका बुजवून घेते. रानात ओल असूनही झाड तहानेने मरते. या अवस्थेत वरून कितीही फवारले तरी ते वाचत नाही.

या बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू हरभरा नसलेल्या जमिनीतही सहा वर्षे तग धरू शकतात. म्हणून एखाद-दुसऱ्या वर्षाच्या फेरपालटाने मर हटत नाही. शिवाय एका हेक्टरातली वरची १५ सेंटिमीटर माती भरते सुमारे २० लाख किलो. एवढ्या मातीत औषध ओतणे परवडणारे नाही आणि ओतलेच, तर चांगले जीवही त्यात जातील.

पण रोगाला यायचे असते ते मुळापाशीच. ‘विजय’सारख्या मध्यम दाण्याच्या वाणाचे हेक्टरी ६५ ते ७० किलो बी लागते. किलोला ५ ग्रॅम या हिशेबाने ते चोळायला ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची साडेतीनशे ग्रॅम भुकटी पुरते. २० लाख किलो मातीसमोर ही भुकटी काहीच नाही, तरीही ती उपयोगी पडते. का, याचे उत्तर पेरणीनंतरच्या पहिल्या काही तासांत आहे.

बी ओल शोषून फुगू लागले, की त्यातून साखर आणि अमिनो आम्ले पाझरतात. बियाभोवतीची काही मिलिमीटर माती एकाएकी अन्नाने समृद्ध होते. आसपास निपचित पडलेले बीजाणू या पाझराने जागे होतात. रोपे कुजवणारी पिथियम तर इतकी चपळ, की दिवसभरात बियात शिरकाव करते. ट्रायकोडर्माचा बीजाणू रुजायला त्या मानाने वेळ लावतो. तो दूर मातीत असता तर मागेच पडला असता. बियाच्या टरफलावरच असल्यामुळे पाझर सर्वांत आधी त्याला मिळतो आणि पुढे मूळ वाढेल तसा तोही त्याच्यावर पसरत जातो. हर्मन, चेट आणि बेकर या संशोधकांनी १९८० साली मुळा आणि वाटाण्याच्या बियांवर ट्रायकोडर्मा लावून पिथियममुळे आणि रायझोक्टोनिया या रोगकारक बुरशीमुळे होणारी रोपांची मर रोखता येते, हे दाखवले.

ट्रायकोडर्माचा दुसरा गुण त्याआधी जवळपास अर्धशतक माहीत झाला होता. कॅलिफोर्नियात रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये तिचे रायझोक्टोनियावरचे आक्रमण नोंदवले. सूक्ष्मदर्शकाखाली ते दृश्य थक्क करणारे असते. ट्रायकोडर्माचा बारीक तंतू रायझोक्टोनियाच्या जाड तंतूला वेढे घालतो, चिकटतो, विकरांनी त्याची भिंत विरघळवतो आणि आतला जीवनरस शोषतो. पाठ्यपुस्तकांत हेच चित्र हमखास असते. मला मात्र ट्रायकोडर्माचे मुळावर ठाण मांडणे आणि रोपाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागवणे अधिक मोलाचे वाटते, कारण फ्युजेरियमसारखा शत्रू नलिकांत शिरला, की तिथे वेढे घालायला कोणी पोचत नाही. स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स हा जिवाणू आणखी वेगळा मार्ग धरतो. तो मुळाभोवतीचे लोह पकडून ठेवतो आणि रोगकारक बुरशीला त्याची चणचण भासवतो.

ही प्रक्रिया बिघडते ती बहुधा आपल्या हातून. ट्रायकोडर्मा स्वतः बुरशीच आहे. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चोळलेल्या बियावर ती लावली, तर ते औषध तिलाच मारते. रायझोबियमसारखी जिवाणू संवर्धके सर्वांत शेवटी, गुळाच्या थंड झालेल्या द्रावणातून लावायची. बी सावलीतच सुकवायचे आणि लगेच, वाफशावर पेरायचे. सोयाबीन, भुईमुगाचे बी तर फारच हलक्या हाताने चोळावे लागते, नाहीतर साल सुटून उगवणच घटते.

आणि पाकिटातली बुरशी जिवंत हवी. सरकारी निकषाप्रमाणे एका ग्रॅममध्ये तिचे किमान २० लाख जिवंत कण असायला हवेत. पत्र्याच्या छपराखाली वैशाखाच्या झळा सोसलेल्या पाकिटात ते किती उरतात, हे भुकटीच्या रंगावरून कळत नाही. त्यामुळे उत्पादनाची तारीख आणि अंतिम मुदत पाहूनच पाकीट घ्यावे, घरी आणल्यावर गारव्याला ठेवावे. मर दरवर्षी येत असेल, तर मर-प्रतिकारक वाण निवडून शेणखतातूनही ट्रायकोडर्मा द्यावी. सेंद्रिय पदार्थ नसलेल्या हलक्या रानात तिला पुढे खायलाच काही मिळत नाही.