ओठ उघडण्याच्या आधी आणि नंतर

इंग्रजीतील 'पिन', 'स्पिन' आणि 'बिन' हे तीन शब्द देवनागरीत लिहिले की पहिल्या दोहोंत 'प' आणि तिसऱ्यात 'ब' आहे, एवढ्यावर विषय संपल्यासारखा वाटतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा व्यक्तीच्या तोंडून हेच शब्द ऐकले आणि तिच्या ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरली, तर वेगळेच चित्र दिसते. 'पिन' म्हणताना पट्टी जोराने हलते, 'स्पिन' आणि 'बिन' म्हणताना ती जवळपास जागची ढळत नाही. लिपीने एकत्र बसवलेले दोन 'प' उच्चारात एकमेकांपासून दूर असतात आणि त्यांपैकी एक 'ब'च्या शेजारी जाऊन बसतो. ओठांची हालचाल तिन्ही शब्दांत जवळजवळ सारखीच असल्याने या भेदाचे कारण घशात, स्वरयंत्राच्या कामात शोधावे लागते.

फुप्फुसांतून निघालेला श्वास श्वासनलिकेतून वर येतो आणि तिच्या माथ्याशी असलेल्या स्वरयंत्रात त्याची गाठ दोन लवचिक पट्ट्यांशी पडते. या पट्ट्यांना स्वरतंतू आणि त्यांच्यामधल्या फटीला कंठद्वार म्हणतात. मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने छोटा आरसा घशात धरून आणि दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडून स्वतःच्या स्वरतंतूंचे काम पाहिले आणि आपली निरीक्षणे 1855 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. स्वरतंतू एकमेकांपासून दूर असले तर हवा निर्वेध निघून जाते आणि 'स'सारखा अघोष ध्वनी उमटतो. ते हलके जवळ आले तर खालून येणारा दाब त्यांना विलग करतो, त्यांची लवचिकता आणि फटीतून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे घटलेला दाब त्यांना पुन्हा एकत्र आणतो, आणि हे आवर्तन प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात सेकंदाला साधारण 100 ते 125 वेळा, स्त्रीच्या बोलण्यात साधारण 200 वेळा घडते. या कंपनालाच घोष म्हणतात. गळ्यावर बोट ठेवून आधी 'स' लांबवला आणि मग 'झूल'मधल्या 'झ'सारखा इंग्रजी 'झेड'चा ध्वनी लांबवला, तर दुसऱ्या वेळी बोटाला लागणारी थरथर हाच तो घोष होय.

आता 'पिन'चा आरंभ सावकाश पाहावा. मृदुतालू वर उचलला जाऊन नाकाकडची वाट बंद होते, ओठ घट्ट मिटतात आणि स्वरतंतू एकमेकांपासून दूर सरकतात. हवेला बाहेर पडायला जागा उरत नाही, म्हणून तोंडातील दाब झपाट्याने वाढून फुप्फुसांतील दाबाच्या बरोबरीला येतो. हा अडवणुकीचा काळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. ओठ विलग होताच साठलेली हवा स्फोटासारखी बाहेर पडते, आणि अशा रीतीने अडवून सोडलेल्या ध्वनीला स्पर्श ध्वनी म्हणतात. इंग्रजीचे वैशिष्ट्य यानंतरच्या क्षणात आहे. ओठ उघडतात तेव्हा कंठद्वार अजून बरेच उघडे असते, स्वरतंतू जवळ येऊन कंप पावू लागेपर्यंत काही काळ नुसता श्वास वाहत राहतो आणि पुढच्या स्वराचा सुरुवातीचा भाग घोषाविना, 'ह'सारख्या फुत्कारात जातो. कागदाची पट्टी हलवणारा हाच महाप्राण होय.

'स्पिन'मध्ये हा फुत्कार का नसतो, याचे उत्तर घटनांच्या क्रमात आहे. 'स' आणि 'प' हे दोन्ही अघोष ध्वनी लागोपाठ आल्याने त्या दोहोंसाठी कंठद्वार एकदाच उघडते. 'स' चालू असतानाच ते सर्वाधिक रुंदावते आणि ओठ मिटलेले असताना पुन्हा आवळू लागते, त्यामुळे ओठ उघडतात तेव्हा स्वरतंतू कंप पावण्याच्या तयारीत असतात आणि स्वर लगेच सुरू होतो. 'स्टॉप'मधील 'ट' आणि 'स्किन'मधील 'क' यांनाही हाच नियम लागू पडतो. बोलणाऱ्याला या नियमाची जाणीव नसते, तरी त्याचे स्वरयंत्र तो चुकवत नाही.

ओठ उघडल्यापासून घोष सुरू होईपर्यंतच्या या अंतराचे मोजमाप ली लिस्कर आणि आर्थर एब्रॅमसन यांनी 1964 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडले. त्यासाठी निवडलेल्या 11 भाषांत इंग्रजीबरोबर तमिळ, हिंदी आणि मराठीही होत्या. शब्दारंभीच्या इंग्रजी 'प'साठी हे अंतर सरासरी 58 मिलिसेकंद, 'ट'साठी 70 आणि 'क'साठी 80 भरले. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. इंग्रजी 'ब'च्या बाबतीत काही वेळा घोष ओठ उघडण्याच्या आधीच सुरू झालेला आढळला, तर काही वेळा तो ओठ उघडताक्षणीच, सरासरी 1 मिलिसेकंदाच्या अंतराने सुरू झाला. म्हणजे ओठ मिटलेले असताना कसलाही घोष नसलेला 'ब' इंग्रजीत सर्रास आढळतो आणि ऐकणारा तो 'ब' म्हणूनच ओळखतो.

मराठीची व्यवस्था याहून दाट आहे. 'प', 'फ', 'ब' आणि 'भ' असे चार ओष्ठ्य स्पर्श ती शब्दार्थ बदलण्यासाठी वापरते. 'ब' म्हणताना ओठ मिटलेले असतानाच घोष सुरू होतो, 'प' म्हणताना तो ओठ उघडताच सुरू होतो आणि महाप्राण अघोष ध्वनीत तो उशिरा येतो. 'भ'मध्ये घोष आणि फुत्कार एकत्र नांदतात, म्हणूनच हिंदी आणि मराठीतील या वर्गाचे वर्णन केवळ वेळेच्या मापाने पूर्ण होत नाही, असे त्या अभ्यासात दिसून आले. ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. मराठीभाषक 'पिन' हा शब्द 'पाणी'तील 'प'ने उच्चारतो, तेव्हा घोष ओठ उघडताक्षणीच सुरू होतो, आणि इंग्रजी कान तो क्षण 'ब'च्या खात्यात टाकतो. 'पेअर'च्या जागी 'बेअर' ऐकू येण्याचा गैरसमज यातूनच उद्भवतो.

यावरचा उपाय मराठीभाषकाच्या मुखात आधीपासूनच आहे. 'ताट' आणि 'थाट', 'कार' आणि 'खार' या जोड्या तो बालपणापासून बिनचूक उच्चारतो, म्हणजेच घोष लांबणीवर टाकण्याची क्रिया त्याच्या स्वरयंत्राला नवी नाही. इंग्रजी 'किंग'मधील 'क' 'ख'कडे झुकवणे त्याला सहज जमते. 'प'च्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी, कारण आज अनेकांच्या बोलण्यात 'फ' हा ओठ आणि दात यांच्यातील घर्षणाने होतो आणि तसा 'फ' वापरल्यास 'पिन'चा 'फिन' होईल. तेथे दोन्ही ओठ पूर्ण मिटवून मग श्वास सोडावा लागतो.

हा श्वास कोठे सोडायचा, हे इंग्रजीत आघातावर, म्हणजे शब्दातील ज्या अवयवावर जोर पडतो त्यावर अवलंबून असते. 'रॅपिड' या शब्दात जोर पहिल्या अवयवावर असल्याने त्यातील 'प' जवळजवळ अल्पप्राण राहतो. त्यापासून बनलेल्या 'रॅपिडिटी' या शब्दात जोर 'पि'वर सरकतो आणि त्याबरोबर महाप्राणही येतो. शब्दाच्या शेवटी वेळेचा हिशेब आणखी निराळा होतो. 'सीट' आणि 'सीड' यांच्या अखेरीस 'ड'चा घोष बराचसा मावळतो, आणि ऐकणाऱ्याला दोन शब्दांतील भेद मुख्यतः आधीच्या स्वराच्या लांबीवरून कळतो, कारण अघोष ध्वनीपूर्वीचा स्वर बराच आखूड होतो. मराठी लेखनात दोन्हीकडे सारखीच दिसणारी दीर्घ वेलांटी उच्चारात सारखी राहत नाही.

काळाइतकेच स्थानही लक्षात घ्यावे लागते. मराठी 'त' म्हणताना जीभ वरच्या दातांना टेकते आणि 'ट' म्हणताना तिचे टोक मागे वळून टाळूकडे जाते. इंग्रजी 'टी'चा ध्वनी या दोहोंच्या मध्ये, दातांमागील उंचवट्यावर, म्हणजे दंतमूळावर होतो. 'चाक'मधील 'च' म्हणताना जीभ जेथे टेकते, ती जागा याच्या अगदी जवळची असल्याने तेथून सुरुवात करणे सोयीचे ठरते. 'थिंक'च्या आरंभी जिभेचे टोक दातांशी हलके आणून हवा घासत जाऊ द्यायची असते, मराठी 'थ'प्रमाणे ती अडवायची नसते. 'व्हॅन'मध्ये खालचा ओठ वरच्या दातांना लागतो, तर 'वाइन'च्या आरंभी दोन्ही ओठ गोल होतात आणि दातांचा संबंध येत नाही.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, आणि तेथील बहुतेक मुलांची या भाषेच्या ध्वनींशी पहिली ओळख देवनागरी लिप्यंतरातून किंवा इंग्रजी अक्षरांच्या नावांतून होते. वास्तविक ध्वनीच्या निरीक्षणाची फार जुनी परंपरा या भूमीत आहे. प्रातिशाख्ये आणि शिक्षाग्रंथ या वेदांच्या उच्चाराविषयीच्या प्राचीन ग्रंथांनी वर्णांचे स्थान आणि प्रयत्न यांनुसार वर्गीकरण केले, घोष आणि अघोष यांचा भेद कंठाच्या आवळण्या-उघडण्याशी जोडला, आणि डब्ल्यू. एस. ॲलन यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या विवेचनाची सूक्ष्मता आधुनिक ध्वनिशास्त्राच्या निकषांवर तपासून दाखवली. अल्पप्राण, महाप्राण, घोष आणि अघोष या संज्ञा मराठी विद्यार्थी व्याकरणाच्या तासाला पाठ करतो, पण त्यांचा इंग्रजीच्या तासाशी संबंध जोडून दिला जात नाही. तो जोडून देण्यासाठी यंत्रे लागत नाहीत. गळ्यावर ठेवलेले बोट, ओठांसमोरची कागदाची पट्टी आणि आपली जीभ कोठे टेकते याकडे दिलेले लक्ष एवढ्या साधनांवर वर्गातले प्रत्येक मूल स्वतःच्या उच्चाराचे परीक्षण करू शकते. अशा परीक्षणाने त्याचा इंग्रजी उच्चार सुधारतोच, शिवाय आपल्या वर्णमालेची मांडणी 'क, ख, ग, घ' अशी का आहे, हेही त्याला स्वतःच्या शरीराच्या अनुभवातून कळते.