दुर्मीळ जीवांची दप्तरनोंद

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात २०१९ च्या फेब्रुवारीत ज्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधण्यात आली, तो तरुण वाघ शेते, नाले आणि महामार्ग ओलांडीत १,३०० हून अधिक किलोमीटर चालून वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, हे कळले ते त्याच्या वाटचालीची नोंद दप्तरी राहिली म्हणून. अशी नोंद अभ्यासकाला हवी असते, तशी शिकाऱ्यालाही. म्हणून दुर्मीळ जीवाचा ठावठिकाणा मागणाऱ्याने अर्जात आपला हेतू, क्षेत्र आणि कालावधी स्पष्ट नमूद करावा. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही राखावयाची असते. तीतील माहितीवर पहिला अधिकार गावकऱ्यांचा, असे मला निःसंशय वाटते. घरट्याचे नेमके झाड न सांगता केवळ तालुका कळविला, तरी अर्जदाराने रुष्ट होऊ नये. प्रसाराचा नकाशा रेखाटण्यास तेवढे पुष्कळदा पुरते.