रोलर कोस्टर : भीती, विज्ञान आणि उघडा दरवाजा

आठवडाभर कारखान्यात, गोदीत, कार्यालयात राबणाऱ्या माणसाने एक दिवस निव्वळ मौजेसाठी काढला तर त्यात वावगे काय? पण करमणूक उद्यानाचे नाव निघाले की आपल्या घरांतून दोनच उत्तरे येतात : "परवडत नाही" आणि "भीती वाटते." या दोन्ही उत्तरांचा हिशेब मांडावा म्हणून हा लेख.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वसाहतीतील बावीस जण खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात जाऊन आले. हे उद्यान २०१३ साली सुरू झाले. तिकीट स्वस्त नाही. म्हणून वर्षभर घरटी दरमहा थोडी रक्कम बाजूला काढली, वहीत नोंद ठेवली आणि त्यातूनच बसचे भाडेही दिले. कुणालाही कर्ज काढावे लागले नाही. पहिल्या उत्तराचा निकाल असा लागला.

दुसरे उत्तर 'नायट्रो'समोर उभे राहिल्यावर आठवले. या रोलर कोस्टरमध्ये पायांखाली फळी नसते, पाय हवेत लोंबकळतात आणि वाटेत पाच वेळा डोके खाली व पाय वर होतात. मोठमोठ्या बाता मारणारी तरुण मंडळीही रांगेत गप्प झाली.

अशा वेळी मुलांना गाडी कशी चालते ते सांगावे. बहुतेक रोलर कोस्टरना स्वतःचे इंजिन नसते. साखळी गाडीला पहिल्या उंच चढावर ओढून नेते. चढताना 'खट-खट' आवाज येतो, तो गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या लोखंडी खिट्टीचा. माथ्यावरून सुटली की पुढचे सारे काम गुरुत्वाकर्षणाचे. घर्षणाने वेग घटत जातो, म्हणून पुढचे चढ पहिल्यापेक्षा ठेंगणे ठेवतात. चाकेही तीन बाजूंनी असतात : रुळावर, रुळाच्या कडेला आणि रुळाखाली. खालच्या चाकांचे पेटंट जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने १९१९ साली घेतले. त्या चाकांमुळे गाडी रूळ सोडून उडत नाही. उलटे झाल्यावर माणूस पडत का नाही? पाण्याने भरलेली बादली जोरात गोल फिरवा, पाणी सांडत नाही. तेच इथे घडते, शिवाय खांद्यावर पक्का लोखंडी अडसर असतोच.

एवढे समजल्यावर मुले बसली. शेजारच्या वहिनीही बसल्या. वीस वर्षे चार घरची धुणीभांडी करणाऱ्या या बाई खाली उतरल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊ, इतक्या मोठ्याने मी लग्नानंतर कधी ओरडलेच नव्हते!" सारे हसले. तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले असे मला वाटले.

एका लहानग्याला मात्र उंचीच्या पट्टीने अडवले. वडील त्याला टाचा वर करायला सांगू लागले, तेव्हा आम्ही त्यांना थांबवले. अडसर शरीराच्या मापाने बसतो, अंग लहान असेल तर तो नीट धरत नाही. मुलगा रडला, पण नियम सर्वांना सारखा होता. साहेबाच्या मुलालाही तीच पट्टी.

या 'सर्वांना सारख्या' नियमाचे मोल कळण्यासाठी अमेरिकेकडे पाहावे लागते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८८४ साली लामार्कस थॉम्प्सन यांनी लाकडी रुळांवरची गाडी सुरू केली. भाडे पाच सेंट. १९२० साली लोकल रेल्वेही पाच सेंटात तिथवर पोहोचू लागली आणि कामगारांची कुटुंबे समुद्रकिनारी लोटली. १९२७ चे 'सायक्लोन' तिथे आजही आहे. मात्र त्या देशातल्या अनेक उद्यानांची दारे काळ्या लोकांना बंद होती. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख केला आहे. दूरचित्रवाणीवर 'फनटाऊन' उद्यानाची जाहिरात पाहून तिने जाण्याचा हट्ट धरला होता. काळ्या मुलांना तिथे प्रवेश नाही, हे बापाला सांगावे लागले.

त्याच वर्षी ४ जुलैला बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक उद्यानासमोर काळ्या-गोऱ्या स्त्री-पुरुषांनी सत्याग्रह केला. पावणेतीनशेहून अधिक लोकांना अटक झाली, त्यांत धर्मगुरूही होते. अखेर २८ ऑगस्ट १९६३ रोजी दार उघडले आणि अकरा महिन्यांची एक काळी मुलगी वडिलांसोबत तिथल्या गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्यांना एवढ्याशा घोड्यासाठी लोक तुरुंगात का गेले हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणून वर्षाकाठी एक दिवस घरादाराने जरूर जावे. बचत आधी करावी. हृदयविकार, रक्तदाब, पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी व गरोदर भगिनींनी या गाडीत बसू नये. पोटभर जेवून लगेच बसू नये. घाबरलेल्या मुलाला चिडवू नये, त्याला चाके आणि साखळी दाखवावी. आणि "असली ठिकाणे आपल्यासाठी नसतात" हे वाक्य लेकरांच्या कानावर कधीही पडू देऊ नये.