विश्लेषण : शेवट आधीच ठरलेला, मग लेखकाने लिहायचे काय? व्हिडीओ गेमवरील कॉमिकची कसरत

नवा व्हिडीओ गेम येण्याआधी त्याची हवा करण्यासाठी कॉमिक काढायचे, ही जुनी रीत. अशी बहुतेक कॉमिक्स जाहिरातीपुरतीच जगतात. ‘डीसी’चे ‘इन्जस्टिस : गॉड्स अमंग अस’ मात्र गेम येऊन गेल्यावरही सुरू राहिले आणि २०१६ पर्यंत चालले.

ही पद्धत कधीपासूनची?

१९८२ मध्ये ‘अटारी’ने ‘स्वोर्डक्वेस्ट’ मालिकेच्या खोक्यात कॉमिक पुस्तिका घातली. त्या काळच्या गेममधली चित्रे म्हणजे चार ठोकळे. गोष्ट सांगणार कोण? ते काम कॉमिकने केले. शिवाय बक्षिसाच्या कोड्याचे धागे तिच्या चौकटींत लपवलेले होते. अटारी आणि डीसी या दोन्ही कंपन्यांचा मालक तेव्हा एकच होता, वॉर्नर. ‘इन्जस्टिस’च्या वेळीही गेम बनवणारा ‘नेदररिल्म’ स्टुडिओ आणि डीसी वॉर्नरच्याच घरातले होते.

लेखकाच्या हाती काय होते?

गेममध्ये जोकर कपटाने सुपरमॅनच्याच हातून त्याच्या गर्भवती पत्नीचा, लॉइसचा, बळी घेतो. मेट्रोपोलिस शहर अणुस्फोटात नष्ट होते. संतापलेला सुपरमॅन जोकरला ठार करतो. त्यानंतर गेम थेट पाच वर्षे पुढे उडी घेतो. आता सुपरमॅन हुकूमशहा आहे आणि बॅटमॅन बंडखोर. मधली पाच वर्षे भरून काढण्याचे काम ऑस्ट्रेलियाचे लेखक टॉम टेलर यांच्याकडे आले. गेम एप्रिल २०१३ चा. कॉमिक जानेवारीपासूनच दर आठवड्याला, ९९ सेंट्समध्ये, पडद्यावर येऊ लागले.

कोण मरणार, कोण कोणाच्या बाजूला जाणार, हे गेमने ठरवूनच टाकलेले. रहस्य राखायला जागा नाही. टेलर यांनी ती राखण्याचा खटाटोपही केला नाही. सुपरमॅन बिघडणार हे वाचकाला ठाऊक असतेच. पण त्याची पहिली पावले चुकीची वाटत नाहीत. तो युद्धे थांबवायला निघतो. बॅटमॅन त्याला अडवतो तेव्हा वाचकाला क्षणभर बॅटमॅनच हट्टी वाटतो. हुकूमशाही कशी पटत जाते, हे इतक्या सहज दाखवणे हेच या कॉमिकचे खरे बळ.

खेळाची गरज कथेत कशी उतरते?

गेममध्ये हाणामारी बरोबरीची हवी. पण धनुष्यबाण घेतलेला साधा माणूस सुपरमॅनपुढे टिकणार कसा? गेमने त्यावर शक्ती वाढवणाऱ्या गोळीची तोड काढली. खेळाडूच्या दृष्टीने ही सोय. टेलर यांनी त्याच गोळीवर पहिल्या वर्षाचा शेवट उभा केला. ती मिळवण्याच्या मोहिमेत ग्रीन अ‍ॅरो जिवानिशी जातो. बॅटमॅनचा कणा मोडला जातो आणि अखेर गोळी घेतलेला म्हातारा नोकर आल्फ्रेड सुपरमॅनला चोप देतो. नियमपुस्तकातली पळवाट अशी सत्कारणी लागलेली क्वचितच दिसते.

जिथे गेम गप्प होता, तिथे लेखकाला मोकळे रान होते. ग्रीन अ‍ॅरो हार्ली क्विनला सुपरमॅनच्या रागापासून वाचवण्यासाठी पळवून नेतो. त्या दोघांची गमतीदार जुगलबंदी या काळोख्या कथेत श्वास घ्यायला जागा देते. बॅटमॅनचा मुलगा डेमियन याच्या हातून नाइटविंगचा मृत्यू होणे गेममधलेच. कॉमिकमध्ये तो रागाच्या भरात फेकलेल्या काठीमुळे झालेला अपघात ठरतो.

पुढे काय झाले?

तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर टेलर बाहेर पडले आणि लेखन ब्रायन बुचेलाटो यांच्याकडे गेले. २०१७ मध्ये ‘इन्जस्टिस २’ आला तेव्हा त्याच्या कॉमिकसाठी टेलर परतले. २०२१ मध्ये ‘इन्जस्टिस’वर अ‍ॅनिमेशनपट निघाला. त्यात हार्ली आणि ग्रीन अ‍ॅरोची जोडी होती, आणि नाइटविंगचा मृत्यूही अपघातीच होता.