वाळूची पोती बसमध्ये बसली!

लंडनच्या भुयारी रेल्वेवर कुठलंही अंतर मोजायचं झालं, की ते एका ठरावीक जागेपासून मोजतात. ती जागा म्हणजे शून्य किलोमीटर. कुठे असेल बरं ही जागा? राजवाड्याजवळ? बिग बेनच्या घड्याळाखाली? अंहं! ती आहे लंडनच्या बाहेर, एसेक्समधल्या ऑन्गर नावाच्या छोट्याशा गावात. आणि खरी गंमत पुढेच आहे. त्या गावाला आज भुयारी रेल्वे जातच नाही! 30 सप्टेंबर 1994 ला तिथली शेवटची गाडी सुटली आणि मार्ग बंद झाला. शून्य मात्र तिथेच राहिलं. ते हलवायचं म्हणजे सगळ्या मार्गांवरचे सगळे आकडे पुन्हा लिहायचे. एवढा उपद्व्याप कोण करणार?

मार्ग बंद पडला, पण रूळ होते, स्टेशनं होती आणि रेल्वेवेडी माणसंही होती. (वेडी माणसं असली की पुष्कळ कामं होतात.) 2012 साली याच रुळांवरून पुन्हा वाफेचं इंजिन धावू लागलं. आता या मार्गाला म्हणतात एपिंग-ऑन्गर रेल्वे. ती बहुतेक करून सुट्टीच्या दिवशी धावते.

चला, आज तिकडेच जाऊ. लंडनहून लाल रंगाची सेंट्रल लाइन पकडायची आणि शेवटच्या स्टेशनावर, म्हणजे एपिंगला उतरायचं. पण आली का पंचाईत! वाफेची गाडी या फलाटापर्यंत येत नाही, तिचं मुख्य स्टेशन आहे पुढे नॉर्थ वील्डला. मग जायचं कसं? तर स्टेशनाबाहेर उभी असते एक जुनी बस. तुमच्या आजी-आजोबांच्या वयाची. तिच्यावर नंबर असतो 339. पूर्वी या भागात याच नंबराची बस धावायची, म्हणून हाच नंबर. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात अशा जुन्या बसचे मेळावेही ठिकठिकाणी भरतात. लोक आपापल्या बस घासूनपुसून, रंगवून घेऊन येतात. लाल बस असेल तर ती शहरातली आणि हिरवी असेल तर आसपासच्या गावांतली, अशी लंडनची जुनी रीत होती.

बस दुमजली आहे, पण आधी तिचं तोंड बघा. अर्धंच आहे! बसच्या उजव्या अंगाला ड्रायव्हरची चिमुकली खोली आणि डाव्या अंगाला इंजिनाचं झाकण. ड्रायव्हर आपल्या खोलीत एकटा कोंडलेला. मागचं दार? दारच नाही. मागच्या कोपऱ्यात उघडा चौथरा आणि धरायला एक उभा दांडा. तिथे कंडक्टर.

आता सांगा, पुढे कोंडलेल्या ड्रायव्हरला कसं कळणार, की मागे सगळे चढले? म्हणून घंटी! एक टोला म्हणजे थांब. दोन टोले म्हणजे चल. तीन टोले म्हणजे बस भरली, पुढच्या थांब्यावर थांबू नकोस. यातल्या पहिल्या दोन खुणा तर तुम्हाला पाठच आहेत. आपल्या एसटीचा कंडक्टर दोरी ओढून हेच तर करतो. टण्... गाडी थांबली. टण् टण्... निघाली! 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली, तेव्हापासून किती जणांनी ही ‘डबल बेल’ ऐकली असेल!

आणि मुंबईकरांना तर ही दुमजली बसही ओळखीची वाटेल. मुंबईत ती पहिल्यांदा आली 1937 साली, लंडनच्या बसवरूनच. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा पकडायला पोरं जिन्यावरून धडधडत धावायची. नेहमीच्या मार्गावरची, डिझेलवर चालणारी शेवटची डबल डेकर 15 सप्टेंबर 2023 ला बंद झाली. आता विजेवर चालणाऱ्या, थंडगार डबल डेकर आल्या आहेत. छान आहेत, पण त्यांच्या खिडकीतून वारा येत नाही, ही माझी तक्रार आहेच.

बरं, आपल्या 339 कडे परत येऊ. वर चढलो. पुढच्या जागेवर बसलो. बस वळणावर आली आणि कलली. पोटात गोळा आला ना? एवढी उंच बस, वरचा मजला माणसांनी गच्च, ही आडवी कशी होत नाही?

याचं उत्तर लंडनच्या लोकांनी वाळूची पोती बसवून शोधलं. खरंच! वरच्या मजल्यावर प्रत्येक आसनावर माणसाच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवायची. खालचा मजला रिकामा. मग बस एका फळीवर उभी करून ती फळी एका बाजूने हळूहळू उचलायची. बस 28 अंश कलली तरी उलटता कामा नये, असा नियम. कंपासपेटीतला कोनमापक काढा आणि 28 अंशांची रेघ मारून बघा. बापरे! रस्त्यावर बस इतकी तिरकी झाली, तर आपण सगळे एकमेकांच्या अंगावर पडू, पण बस उभीच राहील.

का? कारण बसचं सगळं जड सामान खाली असतं. इंजिन, गिअरची पेटी, आस, चाकं, लोखंडी सांगाडा, सगळं तळाशी. वरचा डोलारा हलका. प्रत्येक वस्तूत एक जागा अशी असते, की सगळं वजन जणू तिथेच एकवटलंय असं धरून चालतं. तिला म्हणतात गुरुत्वमध्य. त्या जागेतून एक ओळंबा खाली सोडला असं समजा. तो जोवर चाकांच्या मधल्या जागेत पडतो, तोवर बस पडत नाही. चाकांच्या बाहेर गेला की धडाम्! गुरुत्वमध्य जितका खाली, तितकं त्याला बाहेर जायला जास्त कलावं लागतं.

घरी करून बघा. बिस्किटांचा एक उंच रिकामा खोका घ्या. तळाशी चार गोटे चिकटवा. तो पाटावर उभा करून पाट एका बाजूने उचला. खोका कधी पडला तो कोन मोजा. मग तेच गोटे वरच्या टोकाला चिकटवा आणि पुन्हा मोजा. (पाट लाकडी खडबडीत घ्या. गुळगुळीत असला तर खोका पडण्याऐवजी घसरेल, आणि तो प्रयोग वेगळा!)

लंडनच्या दुमजली बसची एक कहाणी तर सिनेमात शोभावी अशी आहे. 30 डिसेंबर 1952. अल्बर्ट गंटर नावाचे ड्रायव्हर 78 नंबरची बस घेऊन टॉवर ब्रिजवरून चालले होते. हा पूल मधोमध दुभंगतो आणि त्याचे दोन्ही भाग वर उचलले जातात, खालून जहाज जावं म्हणून. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, बस पुलावर असतानाच पूल उघडू लागला! गंटर यांच्या लक्षात आलं, की आपल्या चाकाखालचा रस्ता वर चाललाय. ब्रेक लावावा तर वेळ नाही. त्यांनी वेग वाढवला आणि बस सरळ पलीकडच्या, अजून खालीच असलेल्या भागावर उडवली. सगळे जिवंत राहिले. गंटर यांना बक्षीस मिळालं 10 पौंडांचं. मला विचाराल तर फारच कमी!

असो. नॉर्थ वील्ड आलं. उतरा. तो बघा, धूर!

वाफेचं इंजिन पहिल्यांदा बघताना सगळे त्याच्या धुराड्याकडे आणि शिट्टीकडे बघतात. तुम्ही चाकांकडे बघा. बाहेरच्या बाजूला लांबलचक दांडे दिसतील, मागेपुढे, मागेपुढे जाणारे. जुन्या गाड्या मला आवडतात त्या याचसाठी. त्यांच्या पोटात काय चाललंय, ते त्या लपवत नाहीत. आजच्या लोकलच्या डब्याकडे कितीही वेळ टक लावून बघा, मोटर कुठे आहे याचा पत्ता लागणार नाही. इथे मात्र फलाटावर उभ्या उभ्या सगळी यंत्रविद्या दिसते.

बॉयलरमधली वाफ एका नळकांड्यात शिरते आणि आतल्या दट्ट्याला ढकलते. दट्ट्या दांड्याला ढकलतो आणि दांडा चाक फिरवतो. मग वाफ दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूने शिरते आणि त्याला परत ढकलते. म्हणजे चाकाच्या एका फेरीत एका नळकांड्यातून वाफ दोनदा बाहेर पडते. नळकांडी दोन, इंजिनाच्या दोन बाजूंना. किती झाले? चार! म्हणून चाकाच्या एका फेरीत चार वेळा भक्, भक्, भक्, भक्.

आता याच्यावर गणित करू. समजा चाकाचा व्यास दीड मीटर. त्याचा परीघ साधारण 4.7 मीटर. म्हणजे चार ‘भक्’ ऐकू आले, की गाडी 4.7 मीटर पुढे गेली. सेकंदाला दोन ‘भक्’ येत असतील तर गाडी सेकंदाला 2.35 मीटर जातेय, म्हणजे ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास. डोळे मिटून, नुसत्या कानांनी वेग मोजलात तुम्ही! वेग वाढला की मात्र ‘भक्’ इतके भराभर येतात, की मोजता मोजता जीभ अडखळते.

आणखी एक बघा. एका बाजूचा दांडा जेव्हा अगदी टोकाला असतो, तेव्हा दुसऱ्या बाजूचा मध्यावर असतो. कारागिराची चूक? मुळीच नाही. सायकलचे पायडल बरोबर वर-खाली उभे असताना वरून कितीही जोर लावा, सायकल हलत नाही. दांडा टोकाला असताना इंजिनाचंही तसंच होतं. दोन्ही दांडे एकाच वेळी अडले, तर गाडी सुटणारच नाही. म्हणून एका बाजूचा दांडा दुसऱ्यापेक्षा पाव फेरी मागे जोडतात. एक अडला तर दुसरा ढकलतो.

काम संपलेली वाफ कुठे जाते? धुराड्यातून वर. जाताना ती आतला धूर सोबत ओढून नेते, आणि धूर गेला की त्याच्या जागी भट्टीत ताजी हवा खेचली जाते. म्हणजे इंजिन जितकं जास्त काम करतं, तितकी त्याची आग आपोआप जास्त फुलते. पंखा नाही, वीज नाही. ज्याला हे सुचलं, त्याला माझा दंडवत.

आणि भट्टीच्या छतात शिशाची एक छोटीशी गुडदी असते. छतावर पाणी आहे तोवर ती गार राहते. पाणी कमी झालं, की शिसं 327 अंशांना वितळतं आणि त्या भोकातून वाफ सूं करत आगीवर येते. भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन सावध! अर्थात, तिथवर वेळ आणणारा फायरमन फार दिवस फायरमन राहत नाही.

हे सगळं चालवतं कोण? बरेचसे स्वयंसेवक. आठवडाभर शाळा, दवाखाना, ऑफिस, आणि सुट्टीत हातात फावडं. अशी रेल्वे जगात पहिल्यांदा चालवून दाखवली ती वेल्समधल्या तालिथलिन मार्गाने, 1951 साली. तिथल्या सुरुवातीच्या स्वयंसेवकांत एक पाद्री होते, विल्बर्ट ऑड्री. नाव नाही ओळखलंत? अहो, ‘थॉमस द टँक इंजिन’चे लेखक! ते गार्डचं काम करायचे. एकदा त्यांनी गाडीला हिरवा झेंडा दाखवला आणि चहा-खाऊ विकणाऱ्या बाई फलाटावरच राहिल्या. पुढे ऑड्रींनी हा प्रसंग आपल्या गोष्टीत घालून टाकला.

रोजच्या प्रवासाला वाफेचं इंजिन असावं, असं मात्र मी म्हणणार नाही. एका प्रवासात नाकपुड्या काळ्या होतात, आणि गार इंजिन तापून निघायला तासन् तास लागतात. शाळेला रोज उशीर! (कोण ते टाळ्या वाजवतंय?)

आता अशाच आणखी एका रेल्वेची गोष्ट. इंग्लंडमध्ये लेटन बझर्ड नावाचं एक गाव आहे. तिथे खाणीतली वाळू वाहायला 1919 साली एक छोटी रेल्वे घातली. तीही आता हौशी मंडळीच चालवतात. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. तिथल्या इंजिनांमध्ये एक आहे 740 नंबरचं, 1907 साली जर्मनीत बनलेलं. ते मूळचं कुठलं असेल? आपल्या माथेरानचं! 22 मार्च 1907 ला नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली. अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी ती बांधली आणि त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरवला. वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ, आणि वळणं इतकी घट्ट, की नेहमीचं इंजिन तिथे अडकलं असतं. म्हणून या इंजिनांचे आस असे बनवले, की चाकं वळणावर थोडी डावी-उजवीकडे सरकू शकतील. माथेरानच्या घाटात वळणं घेणारं इंजिन आज वाळूच्या खाणीच्या रुळांशेजारी मुक्कामाला आहे.

तेव्हा माथेरानला जाल तर गाडी वळणावर आली की खिडकीतून चाकांकडे बघा (डोकं आत ठेवूनच!). तिथली गाडी आता डिझेलवर चालते, पण वळणं तीच आहेत. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. आणि दिल्लीला गेलात, तर चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय चुकवू नका. माथेरानच्या त्या इंजिनाचं एक भावंड तिथे उभं आहे. त्याचे दांडे अगदी जवळून बघता येतात. फक्त सोमवारी जाऊ नका, सोमवारी संग्रहालय बंद असतं.