प्राध्यापकाला सहाध्यायी कुठे मिळतो?

मंडळी, आजचा विषय प्राध्यापकांच्या शिकण्याचा आहे. शिकवण्याचा नव्हे, शिकण्याचा. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण या पेशातले नाहीत, हे आम्हांला दिसतं आहे. पण तुमची मुलं-नातवंडं रुपारेलला, कीर्तीला, रुइयाला जातात. तेव्हा हा प्रश्न तुमचाही आहे.

एका साध्या गोष्टीपासून सुरुवात करू. शाळेत शिकवायचं तर बी.एड. किंवा डी.एड. लागतं. कॉलेजात शिकवायला तसलं काही लागत नाही. एम.ए. किंवा एम.एस्सी., त्यावर नेट-सेट नाहीतर पीएच.डी. एवढं झालं की माणूस साठ-सत्तर मुलांपुढे उभा. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न असतात खरे, पण ते कागदावर सोडवायचे. म्हणजे विषय येतो त्याला शिकवताही येतं, असं आपण गृहीत धरलेलं आहे.

हे गृहीतक बरोबर नाही, हे सरकारच्याही ध्यानात आलं होतं. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७पासून विद्यापीठांमध्ये अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. नव्या प्राध्यापकाला चार आठवड्यांचा ओरिएंटेशन कोर्स, जुन्याला तीन आठवड्यांचा रिफ्रेशर. २०१५मध्ये या संस्थांचं नाव मनुष्यबळ विकास केंद्र झालं, २०२३मध्ये मालवीय मिशन आलं. पाट्या बदलल्या, मूळ रचना फारशी बदलली नाही.

या कोर्सेसना नावं ठेवायची फॅशन आहे. आम्ही ती ठेवणार नाही. लहान गावातल्या कॉलेजात आपल्या विषयाचा एकटाच असलेला प्राध्यापक तिथे पहिल्यांदा आपल्यासारख्या तीस-चाळीस जणांना भेटतो. ही लहान गोष्ट नाही. अडचण निराळी आहे. हे कोर्स बढतीला, म्हणजे ज्याला आपण 'कॅस' म्हणतो त्याला, जोडले गेले. जोडणीमागचा हेतू चांगला होता, लोकांनी यावं म्हणून. पण त्यामुळे माणूस 'काय शिकलो' याच्याआधी 'सर्टिफिकेट कधी मिळणार' हे विचारायला लागला.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९च्या आपल्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या पुस्तकात एक भेद मांडला: एखादी गोष्ट अशी-अशी आहे हे जाणणं वेगळं, आणि ती करता येणं वेगळं. पोहण्यावर व्याख्यान ऐकून पोहता येत नाही. शिकवणं हे या दुसऱ्या जातीचं ज्ञान आहे. ते करत करत, कोणीतरी बघत असताना, त्याच्याशी बोलत बोलत सुधारतं. आणि नेमकं हेच आपल्याकडे होत नाही. प्राध्यापक वर्गात गेला, दार लावलं, की आत काय घडतं ते तो आणि विद्यार्थी सोडून कोणाला ठाऊक नसतं. संशोधनाचा निबंध दहा जणांना दाखवतील, पण तास एकालाही दाखवणार नाहीत.

आता एक उदाहरण घ्या. तर्कशास्त्राच्या वर्गात युक्तिवाद दिला: 'माहीमला थांबणाऱ्या सगळ्या गाड्या विरारला जातात. ही गाडी माहीमला थांबते. म्हणून ही विरारला जाते.' युक्तिवाद वैध आहे का? अर्धा वर्ग ओरडतो, "नाही सर, हार्बरची गाडीपण थांबते!" शिक्षक म्हणतो, चूक, वैध आहे, पहिलं विधान असत्य आहे एवढंच. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. शिक्षकाला वाटतं, मुलं कच्ची आहेत. समजा, मागच्या बाकावर भौतिकशास्त्राचा एखादा सहकारी बसला आहे. तो तासानंतर म्हणेल, "अहो, मुलं चुकत नाहीयेत. ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतायत. तुम्ही विचारलंत वैध आहे का, त्यांनी ऐकलं खरं आहे का." मग पुढच्या तासाला दोन प्रश्न वेगळे विचारता येतात. 'पहिलं विधान खरं आहे का?' आणि 'ते खरं धरलं तर शेवटचं मानावंच लागेल का?' एवढ्या बदलाने वर्ग पुढे सरकतो. हे कुठल्या रिफ्रेशरमध्ये सांगता येत नाही, कारण ते त्या वर्गातच दिसतं.

आपल्या परंपरेत या मागच्या बाकावरच्या माणसाला नाव आहे. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य कळावं म्हणून केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडून काढायचं ती वितंडा. न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात वाद कोणाशी करावा तेही सांगितलं आहे. त्यात गुरू आहे, शिष्य आहे आणि 'सब्रह्मचारी' आहे. सब्रह्मचारी म्हणजे बरोबर शिकणारा, सहाध्यायी. अटही घातली आहे, की त्याच्या मनात असूया नसावी. आमच्या मते आजच्या प्राध्यापकाला वरिष्ठ पुष्कळ आहेत, विद्यार्थी पुष्कळ आहेत. नाही तो सब्रह्मचारी.

असा समूह जमू शकतो का? जमला आहे, आणि त्यात आपल्या शेजारच्या कीर्ती कॉलेजचा वाटा आहे. प्रा. मे. पुं. रेगे तिथे तत्त्वज्ञान शिकवत आणि पुढे प्राचार्य झाले. 'नवभारत'चे संपादक, नंतर विश्वकोशाचे प्रमुख संपादक म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. १९८३मध्ये त्यांनी आणि जयपूरच्या दयाकृष्णांनी पुण्यात एक प्रयोग केला. एका बाजूला संस्कृतात शिकलेले न्यायाचे पंडित, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत शिकलेले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. विषय काय, तर बर्ट्रांड रसेलची 'प्रपोझिशन' ही कल्पना, आणि चर्चा संस्कृतात. पंडितांना रसेल नवा, प्राध्यापकांना संस्कृतात बोलणं अवघड. नैयायिक खरं-खोटं ठरवतो ते ज्ञानाचं. मग हे 'प्रपोझिशन' नावाचं तिसरं काय आहे, हे समजावून देताना प्राध्यापकांना आपलीच गृहीतकं पुन्हा तपासावी लागली. ही चर्चा पुढे १९९१मध्ये 'संवाद' या नावाने पुस्तकरूपात आली.

यातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. प्रश्न एकच आणि खरा होता. सगळे तयारी करून आले होते. आणि प्रत्येक जण कुठल्या तरी बाबतीत विद्यार्थी होता.

अमेरिकेत ओहायोच्या मायामी विद्यापीठात १९७९पासून प्राध्यापकांचे असे लहान गट चालतात. आठ-बारा जण, वेगवेगळ्या विषयांचे, वर्षभर नियमाने भेटतात, आणि प्रत्येक जण आपल्या वर्गातला एक प्रश्न हाती घेतो. वर्षभर हे महत्त्वाचं. तीन आठवड्यांत ओळख होते. वर्गात केलेला बदल टिकला की नाही हे कळायला दोन सत्रं लागतात.

आपल्याकडे हे अवघड नाही. रुपारेल, कीर्ती, रुइया, पोद्दार, खालसा ही कॉलेजं एकमेकांपासून एका बसच्या अंतरावर आहेत. आठ जणांनी महिन्यातून एका शनिवारी दोन तास बसायचं. प्रश्न आपल्या वर्गातलेच. उदाहरणार्थ, मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजी व्याख्यानात गप्प का बसते? तिला कळत नाही, की कळतं पण बोलता येत नाही? एकमेकांच्या तासाला बसायचं. आणि एक नियम कडकपणे पाळायचा: तिथे जे दिसलं ते प्राचार्यांकडे, मूल्यमापनाच्या फॉर्मात, कुठेही जाणार नाही. ते गेलं की त्या दिवसापासून वादाचा जल्प झाला म्हणून समजा.

शेवटचा मुद्दा, आणि आम्हांला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आज कितीतरी तास सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण शिक्षक घेतात. सकाळी दादर, दुपारी विरार. त्यांना कॅस नाही, म्हणून त्यांच्या प्रशिक्षणाची निकड कोणाला वाटत नाही. स्टाफरूममध्ये हक्काची खुर्चीही नसते. पण विद्यार्थ्याला समोरचा माणूस कायम आहे की तासिकेवर, याने काय फरक पडतो? त्याला तास चांगला हवा. तेव्हा असा गट काढाल तर आठांतल्या निदान तिघा-चौघा जागा या मुलामुलींना ठेवा, आणि बैठकीची वेळ त्यांच्या गाडीच्या वेळेप्रमाणे ठरवा. त्या दोन तासांचं मानधन कॉलेजने द्यावं, ही मागणी कायम नोकरीतल्यांनी करावी. त्यांनी केली तर ती ऐकली जाण्याची शक्यता जास्त.

आता तुमचे प्रश्न घेऊ.