परकं, पण मालकाचं नव्हे
‘सूर सीमेपार’ लेखमाला : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण मुंबईत होतो, रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत नोटेशन वाजवणाऱ्या गोवेकर वादकांपाशी. आज तिथून थेट आफ्रिकेत, काँगो नदीच्या काठी जायचं आहे. अंतर मोठं आहे, पण दोन्हीकडच्या गोष्टीत एक वस्तू सारखी आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती काळी, ठिसूळ तबकडी. जगभरच्या त्या तबकड्यांना लागणारी लाख बहुतांशी हिंदुस्थानातूनच जाई. म्हणजे छोटा नागपूरच्या रानात पळस-कुसुमाच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली लाख, तिच्यावर इंग्लंडात उमटवलेलं क्यूबाचं गाणं, आणि ते ऐकायला लिओपोल्डव्हिलच्या गुत्त्यात जमलेले गोदीकामगार. यात कोण कोणासाठी परदेशी, हे सांगणं तेव्हाही अवघडच होतं.

लिओपोल्डव्हिल म्हणजे आजचं किन्शासा. १९३३ पासून एचएमव्हीने आफ्रिकेच्या बाजारासाठी ‘जी.व्ही.’ क्रमांकाची एक मालिका काढली. तिच्यात प्रामुख्याने क्यूबाची गाणी होती. १९३०मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झालेलं ‘एल मानिसेरो’, म्हणजे शेंगदाणेवाल्याचं गाणं, तोवर जगभर गाजलं होतं. गंमत अशी, की ते गाणं क्यूबाच्या ‘सोन’ या प्रकारातलं. पण तबकडीवर छापलं होतं ‘रुंबा’! क्यूबात रुंबा हा वेगळाच, ढोलांवर चालणारा प्रकार. अमेरिकी कंपनीला हा फरक ठाऊक नव्हता किंवा विक्रीपुढे त्याची मातब्बरी वाटली नाही. आज काँगो ज्याला अभिमानाने आपला रुंबा म्हणतो, त्याचं नाव असं लेबलावरच्या गफलतीतून आलेलं आहे.

या गाण्यांनी काँगोला वेड का लावलं? याचं नेहमीचं उत्तर फार गोड आहे. पोर्तुगीज, स्पॅनिश व्यापाऱ्यांनी काँगो-अंगोलाच्या किनाऱ्यावरून लाखो माणसं गुलाम म्हणून अमेरिकेच्या मळ्यांवर नेली. त्यांनी आपले ताल सोबत नेले, ते क्यूबात रुजले आणि तबकडीवर बसून घरी परतले. काँगोच्या माणसाने आपलं रक्त ओळखलं! ‘रुंबा’ हा शब्दही किकोंगो भाषेतल्या ‘न्कुंबा’ म्हणजे बेंबी या शब्दावरून आल्याचं सांगतात. यात तथ्य आहेच. क्यूबाच्या तालांत मध्य आफ्रिका आहे, हे कोणीही नाकारणार नाही. पण मला हे उत्तर अपुरं वाटतं. रक्ताची ओळख पटायला काही पिढ्यांची ताटातूट आड येत नसेल, तर मग शेजारच्या गावचं, अस्सल आफ्रिकीच गाणं शहरात सगळ्यांचं का नाही झालं?

त्यासाठी ते शहर कसं होतं ते पाहायला हवं. काँगो ही आधी बेल्जियमच्या राजा लिओपोल्डची खासगी जहागीर आणि १९०८ पासून बेल्जियमची वसाहत. कारखाने, रेल्वे, बोटी यांच्या कामांसाठी शेकडो मैलांवरून माणसं राजधानीत आली. कोणी बाकोंगो, कोणी बालुबा, कोणी मोंगो, शिवाय पश्चिम किनाऱ्यावरून आलेले कारकून आणि कारागीर. प्रत्येकाचे ढोल वेगळे, देव वेगळे, लग्नाची गाणी वेगळी. गोऱ्यांची वस्ती निराळी. रात्री ठरावीक वेळेनंतर परवान्याशिवाय काळ्या माणसाला तिथे फिरायची मुभा नव्हती. अशा ठिकाणी संध्याकाळी दमून आलेल्यांनी मिळून काय गायचं? बाकोंगोंचं गाणं गावं तर बालुबा परका. चर्चमधलं किंवा बँडवरचं गावं तर ते मालकाचं. क्यूबाचं गाणं या पेचातून सुटलेलं होतं. ते कोणत्याच टोळीचं नव्हतं आणि बेल्जियनांचंही नव्हतं. वर ते शहरी होतं, सुटाबुटातलं होतं आणि गाणाऱ्यांत काळी माणसं होती. परकं असणं हाच त्याचा मोठा गुण ठरला.

सुरुवातीला वादक चक्क खोटं स्पॅनिश गात. अर्थ कळत नसे. कानाला जसं ऐकू येई तसे शब्द जुळवायचे. मग हळूहळू त्या जागी लिंगाला आली. ही भाषाही तशीच, नदीवरच्या व्यापाराची आणि पलटणीची, कोणा एकाच्या घरची नव्हे. आज ती देशाच्या चार राष्ट्रीय भाषांपैकी एक आहे आणि तिच्या प्रसाराचं बरंच श्रेय या गाण्यांकडे जातं.

गाणी छापणारेही परकेच होते. १९४८मध्ये निको जेरोनिमिदिस या ग्रीक व्यापाऱ्याने ‘न्गोमा’ म्हणजे ‘ढोल’ नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. त्याच वर्षी नदीवरच्या बोटींवर मेकॅनिकचं काम केलेल्या वेंडो कोलोसॉयचं ‘मारी-लुईझ’ आलं. मध्यरात्री ते वाजवलं तर मेलेली माणसं उठून बसतात, अशी वदंता पसरली. मिशनऱ्यांचा तिळपापड झाला. त्यामुळे खप वाढला असणार, हे वेगळं सांगायला नको.

आता गिटार. खरी किमया तिथे आहे. क्यूबाच्या सोनमध्ये उत्तरार्धात ‘मोंतुनो’ नावाचा भाग येतो. पियानो चार-सहा स्वरांचं एक चक्र पुन्हा पुन्हा फिरवतो आणि त्यावर गायक आणि कोरस यांचे सवालजवाब चालतात. किन्शासाच्या गुत्त्यात पियानो कुठून आणायचा? तेव्हा ते चक्र गिटारवर उतरलं. एका हाताने होईना म्हणून दोन-तीन गिटारींत वाटलं गेलं. एक सूर धरणारी, एक नक्षी काढणारी, आणि पुढे या दोघींच्या मध्ये सांधा जुळवणारी ‘मी-सोलो’. शिवाय इथल्या बोटांना ‘लिकेंबे’ची सवय होती. लाकडी पेटीवर लोखंडी पट्ट्या, दोन अंगठ्यांनी छेडायच्या. डॉक्टर निको या टोपणनावाने गाजलेल्या कासांडाची गिटार ऐकावी. पियानोची नक्कल करता करता ती भलतीकडेच निघून जाते. गाणं संपत आलं की शब्द थांबतात, लय चढते आणि गिटारी मोकळ्या सुटतात. या भागाला ‘सेबेन’ म्हणतात. ठुमरी संपता संपता तबलजी लग्गी लावतो आणि बैठक सावरून बसते ना, तसंच काहीसं. फरक इतकाच, की इथे माणसं उठून नाचू लागतात. लहानपणी डब्याची गिटार करून वाजवणारा फ्रँको १९५६मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी ‘ओके जॅझ’ या वाद्यवृंदाचा एक संस्थापक झाला. नावात जॅझ असलं तरी वाजवण्यात जॅझ नव्हतं. तो शब्द म्हणजे आधुनिकतेची पाटी.

जानेवारी १९६०मध्ये ब्रसेल्सला स्वातंत्र्याच्या वाटाघाटी सुरू होत्या. काँगोचे पुढारी तिथे होतेच, आणि जोसेफ काबासेले यांचा ‘आफ्रिकन जॅझ’ हा वाद्यवृंदही होता. स्वातंत्र्याची तारीख ठरली आणि ‘एँदेपाँदाँस चा चा’ जन्माला आलं. त्यात पक्षांची आणि पुढाऱ्यांची नावंच ओवली आहेत. त्या वर्षी आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले आणि हे गाणं काँगोच्या सीमेबाहेरही रेडिओवर घुमत राहिलं. वसाहतीच्या जोखडातून सुटण्याचं गाणं आणि त्याच्या नावात हवानाचा नाच! याची लाज तेव्हा कोणाला वाटली नाही.

लाज वाटायला सरकार लागतं. १९६५मध्ये सत्ता बळकावलेल्या मोबुटूने १९७१मध्ये देशाचं नाव झाईर केलं आणि अस्सलपणाची मोहीम काढली. ख्रिस्ती नावं टाका, कोट-टाय टाका. जोसेफ-देसिरे मोबुटू हा मोबुटू सेसे सेको झाला, फ्रँकोलाही लांबलचक आफ्रिकी नाव घ्यावं लागलं. गाण्यातून मात्र क्यूबा काढता आला नाही, कारण तोवर तो वेगळा राहिलाच नव्हता. उलट १९७४मध्ये अली-फोरमन मुष्टियुद्धाच्या निमित्ताने किन्शासात संगीत महोत्सव झाला, तेव्हा जेम्स ब्राउनबरोबर क्यूबाची सेलिया क्रूझही मंचावर होती. अस्सलपणाच्या राजधानीत, राजरोस.

२०२१मध्ये युनेस्कोने काँगोली रुंबाला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. नदीच्या दोन्ही काठांवरच्या दोन काँगोंनी मिळून केलेला तो अर्ज होता. दोन राजधान्या समोरासमोर आहेत, गाणं एका काठाचं कधीच नव्हतं.

पण मला या गोष्टीचा सगळ्यात आवडता भाग कोलंबियात घडतो. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या कार्ताहेना शहरात, गुलामांच्या वंशजांच्या वस्त्यांत, ‘पिको’ नावाचे अवाढव्य रंगीत स्पीकर रस्त्यावर लावून नाच चालतात. १९७०च्या दशकात खलाशांनी आणि व्यापाऱ्यांनी तिथे काँगोच्या तबकड्या आणल्या. पिकोवाले त्यांची लेबलं खरवडून टाकत, म्हणजे शेजारच्या पिकोवाल्याला गाणं कोणाचं ते कळू नये. नाचणाऱ्यांना लिंगालाचं अक्षर कळत नसे. मग कानाला जसं ऐकू येई तशी त्यांनी त्या गाण्यांना स्पॅनिश नावं ठेवली आणि स्पॅनिशसारखे वाटतील ते शब्द जुळवून सोबत गायला सुरुवात केली.